गावाचे निवेदन: जोरकस शब्द हवेत की नेमके?

ओढ्याकाठचा

सर्वांना नमस्कार. आमचे गाव आणि माध्यमिक शाळा यांच्यामध्ये एक ओढा आहे. त्यावर फार जुनी, बुटकी फरशी (ओढा ओलांडण्याचे सपाट बांधकाम) असून जोराचा पाऊस झाला की पाणी तिच्यावरून वाहू लागते आणि ते ओसरेपर्यंत पलीकडे जायला दुसरा रस्ता उरत नाही. शाळेची मुले, दुधाच्या किटल्या घेऊन निघालेले शेतकरी, दवाखान्यात जाणारे रुग्ण असे सगळेच तेवढा वेळ काठावर अडकून पडतात. ग्रामपंचायतीने आणि पालकांनी याबाबत पूर्वी निवेदने दिली आहेत. प्रत्येक वेळी उत्तर एकच आले, की आपले निवेदन पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित करण्यात आले आहे. आता ग्रामसभेने नव्याने निवेदन द्यायचे ठरवले असून मसुदा करण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. गावाचे आणि कार्यालयाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझा प्रश्न लेखनाचा आहे.

गावात याविषयी दोन तट आहेत. तरुणांना वाटते की भाषा इतकी जहाल हवी, की वाचणारा खुर्चीतून उठलाच पाहिजे. ज्येष्ठांचे म्हणणे असे, की सरकारदरबारी लिहिताना 'सविनय', 'मेहेरबान', 'कृपा करून' हे शब्द सोडले तर कागद थेट केराच्या टोपलीत जातो. मागच्या निवेदनात दोन्ही बाजूंचा मान राखला गेला होता. त्यातले मुख्य वाक्य असे होते:

"सविनय सादर करण्यात येते की, आमच्या गावातील विद्यार्थ्यांना पावसाळ्यात ओढ्यास पूर येत असल्यामुळे शाळेत जाणे शक्य होत नसून त्यांचे अतोनात शैक्षणिक नुकसान होत असल्याने सदर ठिकाणी पूल होणे अत्यंत गरजेचे असून याबाबत वारंवार निवेदने देऊनही प्रशासनाने याकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष केलेले आहे."

व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात मला चूक दिसत नाही. तरीही ते वाचल्यावर वाचणाऱ्याने नेमके काय करायचे, हे मलाच समजत नाही. शब्द कोणते ठेवावेत, कोणते गाळावेत आणि मजकुराचा क्रम कसा लावावा, याबद्दल ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

टिपणीवाला

मी जिल्हा परिषदेच्या सेवेत होतो आणि माझी बहुतेक नोकरी आवक पत्रे निकाली काढण्यात गेली, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

निवेदन साहेब वाचतात असे गावात सगळे धरून चालतात. कागदाचा खरा प्रवास वेगळा असतो. आवक शाखेत त्यावर शिक्का आणि क्रमांक पडतो. तेथे नोंद घेणारा माणूस तुमचा 'विषय' तेवढा वाचतो आणि त्यावरून कागद कोणत्या संकलनाकडे, म्हणजे कोणत्या विषयाच्या टेबलाकडे, द्यायचा ते ठरवतो. संकलनाचा लिपिक तो आपल्या कार्यविवरण नोंदवहीत चढवतो आणि मग त्यावर टिपणी, म्हणजे निर्णयासाठी वर ठेवायचा छोटा गोषवारा, लिहितो. साहेबांसमोर जाते ती ही टिपणी. निवेदन तिच्या मागे जोडलेले असते, शंका आली तर उलटून पाहण्यासाठी. म्हणजे तुम्हाला आधी पटवायचे आहे ते त्या लिपिकाला, आणि त्याच्या पुढ्यात त्या दिवशी तुमच्यासारखेच कितीतरी कागद असतात.

तो लिपिक तीन गोष्टी शोधतो. अर्जदाराला काय हवे आहे, ते आपल्या कार्यालयाच्या अखत्यारीत येते का, आणि त्याला आधार कोणता. ही उत्तरे पहिल्या परिच्छेदात सापडली तर तो ती जवळजवळ तुमच्याच शब्दांत उचलतो: "ग्रामपंचायतीने अमुक मार्गावरील फरशीची स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार करण्याची विनंती केली आहे. सदर मार्ग या विभागाकडे आहे. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला आहे. मान्यतेस्तव सादर." एवढी टिपणी झाली की साहेबांना 'होय' किंवा 'नाही' म्हणावे लागते. उत्तरे सापडली नाहीत, तर लिपिकासाठी सर्वांत सुरक्षित शब्द 'अग्रेषित' हाच असतो. तुमचा कागद दर वेळी का पुढे ढकलला गेला, ते त्या जुन्या वाक्यावरूनच कळते. त्यात 'पूल होणे गरजेचे आहे' असे विधान आहे, पण कोणी काय करावे याची विनंती कुठेच नाही. गरजेच्या विधानावर कोणताही अधिकारी सही करू शकत नाही. सही कृतीवर होते.

म्हणून विनंती अशी करावी, की जी त्या कार्यालयाला स्वतःच्या अधिकारात पूर्ण करता येईल. पूल 'मंजूर करा' असे उपअभियंत्याला लिहून उपयोग नाही, कारण निधी आणि प्रशासकीय मान्यता त्याच्या हातात नसते. मात्र स्थळपाहणी करणे आणि अंदाजपत्रक तयार करून वर पाठवणे हे त्याचेच काम आहे. पहिल्या निवेदनात तेवढेच मागा. पायरी लहान दिसते, पण त्याशिवाय वरची पायरी येतच नाही.

आता अखत्यारीविषयी. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. तुमचा रस्ता यांपैकी कोणत्या यादीत आहे आणि त्याचा क्रमांक काय, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा बांधकाम उपविभागातून काढून विषयातच लिहा. 'गावाकडून शाळेकडे जाणारा रस्ता' असे लिहिलेत तर तो रस्ता आपला नाही असे म्हणण्याची सोय तुम्हीच करून देता.

तसेच वस्तूचे नावही तपासून घ्यावे. गावात ओढ्यावरच्या कोणत्याही बांधकामाला पूल म्हणतात. खात्यात मात्र फरशी, मोरी, साकव आणि पूल ही वेगवेगळी कामे आहेत. साधारण सहा मीटर लांबीपर्यंतच्या बांधकामाला मोरी म्हणतात, त्यापुढे लहान पूल सुरू होतो, आणि दोन्हींच्या खर्चात मोठी तफावत असते. माणसांपुरता साकव तर आणखी निराळा. जेथे मोरीने भागणार आहे तेथे 'भव्य पूल' मागितला, की टिपणीत पहिलाच शेरा 'निधीची उपलब्धता पाहून' असा पडतो. तुम्हाला खात्री नसेल तर बांधकामाचे नाव घेऊच नका. 'पुराचे पाणी वरून वाहणार नाही एवढ्या उंचीचे बांधकाम' असे लिहा आणि नाव ठरवण्याचे काम अभियंत्यावर सोडा.

नम्रतेच्या शब्दांबद्दल ज्येष्ठांना सांगा, की सुरुवातीला 'महोदय' आणि शेवटी 'आपला विश्वासू' एवढे पुरते. 'कृपावंत होऊन' लिहिल्याने माझ्या टेबलावरचा एकही कागद लवकर हललेला मी पाहिला नाही. जहाल शब्दांनी मात्र कागद नक्की अडतो, कारण 'जाणीवपूर्वक दुर्लक्ष' असा आरोप आला की आधी खुलासा तयार करावा लागतो आणि त्या खुलाशातच सगळी टिपणी खर्ची पडते.

क्रियापद

टिपणीवाले काकांनी कार्यालयाची बाजू सांगितली. मी मराठी शिकवते, त्यामुळे त्याच वाक्याकडे मी रचनेच्या बाजूने पाहीन.

मराठी वाक्यात मुख्य क्रियापद शेवटी येते आणि वाक्य जे ठामपणे सांगते ते त्या क्रियापदापाशी असते. त्याआधी 'असल्यामुळे', 'नसून', 'असल्याने', 'असून', 'देऊनही' यांनी जोडलेले सगळे भाग दुय्यम होतात. ते वाचकाने गृहीत धरावेत असा त्यांचा सूर असतो. ओढ्याकाठच्या मित्रांचे वाक्य या नियमाने वाचून पाहा. पाणी, मुलांचे नुकसान, पुलाची गरज हे सगळे दुय्यम झाले आहे, आणि वाक्याचे एकमेव ठाम विधान उरले आहे ते 'प्रशासनाने दुर्लक्ष केलेले आहे' हे. साहजिकच अधिकारी उत्तर देतो ते त्याच विधानाला: दुर्लक्ष केलेले नाही, निवेदन पुढे पाठवले आहे. तो टाळाटाळ करतो असे वाटते खरे, पण वाक्यानेच त्याला तो प्रश्न विचारला होता.

दुरुस्ती अवघड नाही. जी गोष्ट ठासून सांगायची तिला स्वतःचे वाक्य आणि स्वतःचे क्रियापद द्यावे. "जोराचा पाऊस झाल्यावर फरशीवरून पाणी वाहते. ते ओसरेपर्यंत शाळेकडे जाणारा दुसरा रस्ता नाही." ही दोन वाक्ये नाकारायची असतील तर कोणाला तरी ओढ्यावर जाऊन पाहावे लागेल, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. याचा अर्थ सगळी वाक्ये तोडून टाकावीत असा नाही. कारण आणि परिणाम यांचे नाते दाखवायचे असेल तेथे लांब वाक्यच उपयोगी पडते. मात्र त्यात नाते एकच असावे. 'पाणी वाहिल्यामुळे मुले शाळेत पोहोचू शकली नाहीत' येथे 'मुळे' आपले काम चोख करते. त्यालाच पुढे 'नसून', 'असल्याने', 'असून' जोडत गेलो की कशाचे कारण काय, याचा माग वाचकाला लागत नाही.

दुसरी गोष्ट विशेषणांची आणि क्रियाविशेषणांची. 'अतोनात', 'अत्यंत', 'वारंवार', 'जाणीवपूर्वक' हे चारही शब्द लिहिणाऱ्याची तळमळ दाखवतात, पण वाचणाऱ्याला त्यांचे काहीच करता येत नाही. यांतले 'वारंवार' आणि 'अतोनात' मोजता येण्यासारखे आहेत, म्हणून ते मोजावेत. पूर्वीच्या निवेदनांच्या तारखा आणि आवक क्रमांक ओळीने लिहिले, की 'वारंवार' हा शब्द गाळता येतो आणि त्याचा परिणाम मात्र दुप्पट होतो. नुकसानीसाठी शाळेच्या हजेरीपटावरून गेल्या पावसाळ्यात ओढ्यापलीकडची मुले किती दिवस गैरहजर राहिली ते काढा आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा उतारा जोडा. 'अत्यंत' सरळ खोडावा. 'जाणीवपूर्वक' हा शब्द दुसऱ्याच्या मनाबद्दल बोलतो आणि मनाचा पुरावा कोणाकडेच नसतो, म्हणून तोही जावा.

तिसरी गोष्ट 'करण्यात यावे' या प्रयोगाची. कार्यालयीन मराठीला हा प्रयोग फार प्रिय आहे, कारण त्यात कर्ता लपतो. आदेश काढणाऱ्याला ते सोयीचे असेल, पण मागणाऱ्याला ते घातक आहे. 'स्थळपाहणी करण्यात यावी' असे म्हटल्यावर ती कोणी करावी हा प्रश्न तसाच राहतो. 'आपल्या उपविभागाने स्थळपाहणी करावी' असे लिहिल्याने उद्धटपणा येत नाही आणि कर्ताही सापडतो.

कलम सहा

मी माहिती अधिकाराचे अर्ज लिहिण्यास लोकांना मदत करतो. या धाग्यात एक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण निवेदन आणि माहितीचा अर्ज यांची भाषा लोक हमखास एकमेकांत मिसळतात.

निवेदनात पटवायचे असते. माहितीच्या अर्जात कोणालाही काही पटवायचे नसते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(२) प्रमाणे माहिती का हवी याचे कारण अर्जदाराला विचारता येत नाही, म्हणून मुलांचे हाल, गावाची व्यथा, अधिकाऱ्याची बेपर्वाई यांपैकी काहीही तेथे लिहिण्याची गरज नाही. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. या मर्यादेवर अनेकांचा राग आहे आणि तो काही अंशी रास्तही आहे. पण लेखनाचा सराव म्हणून पाहिले तर तिचा फायदाच होतो.

येथे शब्दांची निवड सगळा निकाल ठरवते. 'पूल अद्याप का मंजूर झाला नाही?' असे विचारले तर उत्तर येते की अशी माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर चुकीचे ठरत नाही. कायद्याने मिळते ती कार्यालयात कागद, टिपणी, नोंदवही, अहवाल अशा रूपात असलेली माहिती. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नव्याने विचार करून मत द्यावे, अशी सक्ती करता येत नाही. म्हणून 'का' सोडून कागद मागावा: "ग्रामपंचायतीच्या अमुक दिनांकाच्या, अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर झालेल्या टिपणीची आणि पत्रव्यवहाराची प्रत मिळावी." या एका वाक्यात विषय आहे, कालावधी आहे आणि वर्णनही आहे, आणि विहित नमुन्यात नेमके तेच रकाने असतात. 'का'चे उत्तर त्या टिपणीत बहुधा सापडतेच.

अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी हस्तांतरित करायचा असतो. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. माझा सल्ला असा, की नवे निवेदन देण्याआधी जुन्या निवेदनांचे काय झाले याचा असा एक अर्ज टाकावा. तुमचे कागद कोणत्या टेबलावर थांबले ते कळले, की नवे निवेदन कोणाला उद्देशून लिहायचे हेही कळेल.

रोखठोक

सर्वांचे सल्ले वाचले. मला ते शहाणपणाचे वाटतात, पण पटत नाहीत. नेमके शब्द आणि स्वच्छ वाक्ये यांनी जर सरकारे हलत असती, तर लोकमान्यांना १८९७ साली 'केसरी'च्या अग्रलेखात 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असे विचारावे लागले नसते. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हे नाव सौम्य शब्द शोधून ठेवले होते का? मराठीत ज्या लेखनाने काही हलवले ते सगळे जहाल होते. आपण गावकऱ्यांना लिपिकाच्या सोयीचे लिहायला शिकवतो आहोत, म्हणजे त्यांच्या रागाची धार काढून घेतो आहोत. कागद टिपणीत नीट बसावा ही अपेक्षा नागरिकाकडून का करावी? ते काम ज्याला पगार मिळतो त्याने करावे.

क्रियापद

रोखठोक यांचा शेवटचा प्रश्न मला पूर्ण मान्य आहे. नागरिकाचे वाकडेतिकडे वाक्य समजून घेणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे. पण ते कर्तव्य पार पाडले जाईपर्यंत आपण वाट पाहायची का, हा प्रश्न उरतो.

दिलेल्या उदाहरणांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. 'केसरी'तल्या त्या अग्रलेखाचे शीर्षक सरकारला विचारलेला प्रश्न असले, तरी तो लिहिला होता 'केसरी'च्या वाचकांसाठी. सरकारने उत्तर द्यावे अशी त्या प्रश्नाची अपेक्षाच नव्हती. वाचकाच्या मनात उत्तर आधीच तयार आहे हे ओळखून तो विचारला होता. प्रश्नरूप शीर्षकाची ताकद तेथे आहे. हाच प्रश्न अर्ज म्हणून एखाद्या कलेक्टर कचेरीत दिला असता, तर त्याचे काय झाले असते?

फुल्यांचे उदाहरण तर आपण दोघांनी मिळून पाहावे असे आहे, कारण त्यांनी दोन्ही प्रकारे लिहिले. १८८२ साली हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन सादर केले. 'शेतकऱ्याचा असूड' हा त्यानंतर लगेच, १८८३ चा. निवेदन इंग्रजीत आहे, त्यामुळे त्याच्या शब्दांविषयी मी काही म्हणत नाही. त्याची रचना पाहा. ते आधी स्वतःचा अधिकार सांगतात, तो पदवीचा नव्हे तर शाळा काढून चालवल्याच्या अनुभवाचा. मग असे तथ्य मांडतात की जे सरकारला नाकारता येत नाही: महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो. त्यावरून त्याच रयतेच्या शिक्षणावर खर्च किती होतो हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आणि मागणी किती नेमकी आहे पाहा. प्राथमिक शिक्षण किमान १२ वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे असे ते म्हणतात. अभ्यासक्रमात काय असावे तेही सांगतात: मोडी व बाळबोध (देवनागरी) वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. शिक्षणाचा प्रसार झाला पाहिजे अशा मोघम वाक्यावर ते थांबत नाहीत. 'असूडा'त मात्र समोर आयोग नाही. तेथे बोली, उपहास, संताप सगळे मोकळे सुटते, कारण तेथे वाचकाला जागे करायचे आहे. राग दोन्हीकडे तितकाच आहे. निवेदनात तो तथ्यांच्या क्रमात दडलेला आहे, एवढाच फरक.

तेव्हा तुमच्या तरुणांना जहाल लिहू द्या, पण ते वृत्तपत्राला द्यायच्या प्रसिद्धिपत्रकात आणि ग्रामसभेच्या भाषणात. तेथे 'कोवळ्या मुलांच्या जिवाशी खेळ' हे शब्दही खपतील. मला विचाराल तर तेथेही 'संध्याकाळची शेवटची एसटी निघून जाते आणि मुले पलीकडच्या काठावर पाणी उतरण्याची वाट पाहत बसतात' हे वाक्य अधिक लागेल, पण तो आवडीचा प्रश्न आहे.

रोखठोक

हंटर आयोगाचे उदाहरण मान्य. तरीही सांगतो, की फुल्यांची सक्तीच्या शिक्षणाची मागणी तेव्हा मान्य झाली नव्हती. निर्दोष रचनेला यशाची हमी समजू नये, एवढेच माझे म्हणणे.

कलम सहा

हमी कोणीच देत नाही. फरक एवढाच पडतो, की मोघम मागणी फेटाळावीच लागत नाही, ती आपोआप विरते. नेमकी मागणी नाकारायची तर कारण लिहावे लागते, आणि लिहिलेल्या कारणाविरुद्ध पुढे दाद मागता येते.

ओढ्याकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. टिपणीवाले काका, क्रियापद ताई आणि कलम सहा यांच्या सूचनांनुसार मसुदा नव्याने लिहिला आहे. रस्त्याचा क्रमांक आणि आकडे मिळवायचे आहेत, म्हणून त्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.

"विषय: ग्रामीण मार्ग क्रमांक ___ वरील ओढ्याच्या फरशीची स्थळपाहणी करून उंच बांधकामाचे अंदाजपत्रक तयार करण्याबाबत.

संदर्भ: १. या ग्रामपंचायतीचे दि. ___ चे निवेदन, आवक क्र. ___. २. ग्रामसभा ठराव क्र. ___, दि. ___.

महोदय, वरील मार्गावरील ओढ्याच्या फरशीची आपल्या उपविभागाने स्थळपाहणी करावी आणि पुराचे पाणी वरून वाहणार नाही एवढ्या उंचीच्या बांधकामाचे अंदाजपत्रक तयार करून वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावे, अशी ग्रामसभेची विनंती आहे.

जोराचा पाऊस झाल्यावर या फरशीवरून पाणी वाहते. ते ओसरेपर्यंत गावातून माध्यमिक शाळेकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जाण्यास दुसरा रस्ता नाही. गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर या काळात रस्ता बंद राहिल्यामुळे गावातील विद्यार्थी ___ दिवस शाळेत पोहोचू शकले नाहीत. मुख्याध्यापकांनी प्रमाणित केलेला हजेरीपटाचा उतारा सोबत जोडला आहे.

स्थळपाहणीचा दिनांक कळवल्यास सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी जागेवर उपस्थित राहतील."

तरुणांना हे फार कोरडे वाटते आहे. ज्येष्ठांना शेवटी 'ही नम्र विनंती' हवी आहे आणि ती मी घालणार आहे, कारण तेवढ्याने काही बिघडत नाही असे मला वाटते.

टिपणीवाला

'ही नम्र विनंती' खुशाल घाला. मसुदा चांगला झाला आहे. शेवटचे वाक्य मला विशेष आवडले, कारण त्याला उत्तर द्यायचे तर कार्यालयाला तारीख ठरवावी लागते. फक्त प्रत कोणाकोणाला पाठवली ती यादी लांबवू नका. पालकमंत्र्यांपासून सर्वांना प्रती दिल्या, की प्रत्येक जण दुसरा पाहील असे समजतो. कार्यकारी अभियंता आणि गटविकास अधिकारी एवढे पुरेत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नका.

मोजपट्टी

मी स्थापत्य अभियंता आहे आणि अशी अंदाजपत्रके तयार करण्याचे काम केले आहे. भाषेबद्दल मला अधिक सांगण्यासारखे नाही, पण मसुद्यात एक वाक्य वाढवावे असे सुचवतो. 'पुराचे पाणी वरून वाहणार नाही एवढी उंची' ठरवण्यासाठी आम्हाला पाणी आजवर कोठपर्यंत चढले होते ते लागते, आणि लहान ओढ्यांसाठी ती नोंद बहुधा कोणत्याच कार्यालयात नसते; गावकऱ्यांना विचारूनच ती घ्यावी लागते. तेव्हा 'जोराच्या पावसात पाणी फार वाढते' असे लिहिण्याऐवजी पाणी काठावरच्या कोणत्या खांबावर, कोणत्या पायरीवर, कोणत्या झाडाच्या बुंध्यापर्यंत पोहोचले होते ते लिहा आणि स्थळपाहणीच्या दिवशी ती खूण दाखवू शकेल असा जाणता माणूस तेथे हजर ठेवा. शक्य असल्यास फरशीची लांबी, रुंदी आणि ओढ्याच्या तळापासूनची उंची टेपने मोजून मीटरमध्ये द्या. मापे थोडी चुकली तरी हरकत नाही, ती आम्ही पुन्हा घेतोच. पण त्या आकड्यांवरून मोरीने भागेल की पूल लागेल याचा अंदाज कार्यालयात बसूनच बांधता येतो आणि पाहणीला कोणाला पाठवायचे तेही लगेच ठरते.